न उघडलेल्या नेच्याचे फोटो

माझ्या मोबाईलला अक्कल न्हाई. परवा सकाळी चहा पीत बसले होते, तर त्यानं आपलं आपणच एक व्हिडिओ करून समोर धरला. जुन्या श्रावणातल्या आठवणी म्हणे. मागं बासरी लावलेली. एकेक फोटो हळूच पुढं येतोय, हळूच मोठा होतोय, जसं काय कुणाच्या लग्नाचा अल्बम. अन् फोटो कसले? हिरवे, ओले, गुंडाळलेले कोंब. एक दगडाच्या फटीतला. एक स्टीलच्या ताटलीत ठेवलेला. एक माझ्या ताईच्या तळहातावर, शेजारी तिच्या बांगड्या. तिकडं बासरी वाजतीय अन् इकडं माझ्या हातातला कप बशीवर वाजतोय.

श्रावण आला की लोकांना ऊन-पाऊस आठवतो, झोके आठवतात. मला घाम फुटतो. रस्त्याच्या कडेला, पुलाच्या खाली, कुठंही एखादा कोंब मान वळवून उभा दिसला की वाटतं, हा आता विचारणार, "ओळख बरं मला?"

नेचा म्हणजे फर्न. बंगल्यांच्या व्हरांड्यात कुंडीतून लोंबतो ना, तोच, फक्त रानातला. आम्ही काष्टीचे, श्रीगोंदा तालुक्यातले. आमच्याकडं हिरवं म्हणजे ऊस, अन् उसाच्या पलीकडं अजून ऊस. नेचा बघायचा तर विहिरीत वाकून बघावं लागायचं. आमच्या विहिरीच्या आतल्या दगडात, मोटर बसवायच्या पायरीखाली, एक बारका नेचा होता. लहानपणी मी अन् ताई पोटावर पालथ्या पडून तो बघायचो. मागून आई ओरडायची, "पडा आत, म्हंजे एकदाची सुटंल मी." मी लगेच आईचा आवाज काढून विहिरीत सोडायचे, "पडा आत..." विहीर तो घुमवून परत द्यायची, अन् आईला वाटायचं आपणच दोनदा ओरडलो. ताई हसून हसून खरंच पडायच्या बेतात यायची, मग मी तिचा परकर धरून ठेवायचे.

आवाज काढायचा नाद तेव्हापासूनचा. संगमनेरला कॉलेजला गेले, होस्टेलला राहिले, तिथं तर माझी दुकानदारीच सुरू झाली. एस.टी.चा कंडक्टर, मेसच्या काकू, रेक्टर मॅडम. बॉटनीचे सर माझे सगळ्यात गाजलेले. सर बोलायच्या आधी चष्म्यासाठी खिसा चाचपायचे, अन् चष्मा डोक्यावर असायचा. तेवढं एक केलं की पोरी लोळायच्या. अन् मोबाईलमधली ती बाई, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता..." ती तर मी इतकी हुबेहूब काढायचे की एका पोरीनं कानाला लावलेला मोबाईल काढून बघितला होता.

नकलेचं एक असतं. माणसाचं एक काहीतरी सापडावं लागतं. चालताना खांदा पडतो, 'म्हणजे' म्हणायच्या आधी नाक ओढतो, असलं काहीतरी. ते सापडलं की माणूस तुमचा. सापडलं न्हाई तर नुसतं तोंड वेडंवाकडं करणं. मला वाटायचं आपल्याला कुणाचंही सापडतं.

त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते. ताईचं लग्न होऊन ती पार अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढं, डोंगरात गेलेली. उसाची पोरगी भाताच्या गावात. दाजींचं तिथं दूध गोळा करायचं काम, घरात सासू, तिला ताई आत्या म्हणायची अन् आम्ही सगळे आत्याबाई. ताईला दिवस होते. आवणीच्या दिवसांत भात लावायला खालच्या अंगाच्या बाया आल्या होत्या, त्यातल्या एकीनं खोपटात काहीतरी भाजी शिजवली अन् "पोटुशी हायेस, खा" म्हणून ताईला वाटीभर दिली. कोवळ्या, वळलेल्या कोंबांची. ताईनं खाल्ली. आवणी झाली, बाया आपल्या गावाला गेल्या. ताईनं ना भाजीचं नाव विचारलं, ना त्या बाईचं.

अन् मग डोहाळे त्याच भाजीचे लागले.

"बारके," तिचा फोन आला, "तू त्या झाडापाल्याचंच शिकतीस ना? मी फोटो टाकते. तू फक्त हा की न्हाई सांग."

"मेसेजवर भाजी मागवायची म्हणजे घरपोच सेवा का ताई?"

"जास्त बोलू नको. तोंडाला पाणी सुटलंय इथं."

पहिला फोटो आला. मी बघितला अन् मला हसूच आलं. नुसतं एक गोल. विंचवानं नांगी वळवावी तसं. मी मोठं करून बघितलं, आडवं करून बघितलं. मग पुस्तक काढलं. पुस्तकात सगळे नेचे उघडलेले, पान पसरून, छाती काढून फोटोला उभे राहिल्यासारखे. पानामागचे ठिपके बघा, फांद्यांची ठेवण बघा, असं सगळं लिहिलेलं. कोवळ्याला काय असतं? ठिपके न्हाई, ठेवण न्हाई. जरा लव असते, त्यातही निम्मा चिखल. सगळे एकसारखे मान खाली घालून बसलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी रांगेत बसवलेली पोरं जशी, ज्यांची खोड अजून कुणाला माहीत न्हाई.

मला पहिल्यांदा कळलं की इथं आपल्याला पकडायला काहीच न्हाई.

अन् तेव्हाच सरांचं एक वाक्य आठवलं. वर्गात मी ते सरांच्याच आवाजात मागच्या बाकावर पुटपुटले होते, पोरी खिदळल्या होत्या. एक नेचा असा असतो की जनावरानं फार दिवस खाल्ला तर त्याच्या लघवीतून रक्त पडतं. कोवळा असताना तर जास्तच वाईट. लोक काही ठिकाणी तोही खातात, सर म्हणाले होते, पण खाऊ नये. तेव्हा मी 'खाऊ नयेऽऽ' असं लांबवलं होतं.

आता ताईला कसं सांगायचं? म्हणजे पुढचं न्हाई, पुढचं सोपं होतं. "ताई, खाऊ नको," झालं. पण ती एक वाटी? ती तर पोटात गेली होती. भाजी खायची का न्हाई हा ताईचा प्रश्न होता. ती काय खाऊन बसलीय, हा माझा. अन् माझा मी तिला सांगू शकत नव्हते.

सरांना गाठलं. सरांनी खिसा चाचपला, चष्मा डोक्यावरून घेतला, फोटो बघितला. "कोवळ्या अवस्थेत फोटोवरून निश्चित सांगता येत नाही."

"पण सर, एक वाटी खाल्ली असेल तर?"

"कुणी?"

"बहिणीनं. पाचवा लागतोय तिला."

सरांनी फोटो परत एकदा मोठा करून बघितला. मग म्हणाले, "एका वाटीनं बहुधा काही होत नाही. पण तिच्या डॉक्टरांना सांगा, आणि पुढं खाऊ देऊ नका."

बहुधा. दुपारी मेसमध्ये पोरी म्हणाल्या, सरांचा आवाज काढ की. मी तोंड उघडलं अन् 'बहुधा' एवढंच आलं. कुणाला त्यात हसायचं काय ते कळलं न्हाई.

ताईला मी म्हणाले, डॉक्टरांना सांग असं असं खाल्लं होतं. तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कसली भाजी ते कळलं तर बरं, अनोळखी काही खात जाऊ नका. आलं परत माझ्याचकडं.

मग मी शक्कल काढली. ताईला म्हटलं, तोडू नको, खाऊ नको. तुला ज्या कोंबावर संशय येतो त्याला खूण बांध. रोज त्याचाच फोटो काढ. उघडू दे त्याला. पूर्ण उघडला की पान उलटं करून दाखव, मी सांगते कोण हाय ते.

"अन् उघडल्यावर खायचा?"

"उघडल्यावर तो राठ होतो. पुढच्या वर्षी त्याच जागेवर कोवळा येईल, तेव्हा खा."

"पुढच्या वर्षी माझं पोरगं रांगत आसंल, बारके. डोहाळे आत्ता लागलेत!"

पण ऐकलं तिनं. आत्याबाईंनी आधीच बजावलं होतं, "आमच्यात न्हाई खात असलं काय." म्हणून ताईनं त्यांना न सांगता सगळं सुरू केलं. स्वतःची जुनी लाल साडी होती, तिच्या चिंध्या फाडल्या, अन् ओढ्याकडं धुणं धुवायला जाताना एकेका कोंबाला बांधल्या.

तिथं घरात रेंज न्हाई. रेंज वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. मग ती संध्याकाळी तिथं चढून जायची, अन् दिवसभराचे फोटो एकदम येऊन पडायचे. टिंग टिंग टिंग. त्या आवाजाची मला इतकी धास्ती बसली की शेजारच्या खाटेवरच्या पोरीचा मोबाईल वाजला तरी मी माझाच उचलून बघायचे. वर आणि ही दुसरीच भीती, की माझ्या फोटोंसाठी ही बाई पोट घेऊन शेवाळलेल्या पायऱ्या चढतीय. 'ताई नीट दिसत न्हाई, परत काढ' असं लिहायचे अन् लगेच पुसायचे.

एकदा त्या हिरव्या फोटोंच्या मधेच एक काळा-पांढरा फोटो आला. सोनोग्राफीचा. खाली ताईनं लिहिलं होतं, "हा पण वळखून दाखव." मी किती तरी वेळ दोन्ही फोटो खालीवर करत बसले. एक कोंब, गुंडाळलेला. एक बाळ, गुंडाळलेलं. दोघांनी तोंड आत घातलेलं. मी ताईला हसण्याचं चित्र पाठवलं, ते डोळ्यांतून पाणी येणारं असतं ना, ते. त्यातलं हसणारं तोंड तेवढं खोटं होतं.

कोंब उघडत होते. फार हळू. रोज बघितलं तर कालच्यासारखेच, अन् चार दिवसांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरला तर मान जरा वर आलेली. मी वाट बघत होते. अजून थोडं, अजून थोडं, आता बाजूची पानं सुटतील. आता सापडेल काहीतरी.

अन् एक दिवस फोटो आला त्यात कोंब नव्हता. नुसतं बूड. चिंधी पण गायब.

"शेळी खाऊन गेली जणू," ताईचा मेसेज.

दुसऱ्या कोंबाचंही तसंच झालं. मग तिसऱ्याचं. मी फोटो मोठा केला. शेळी ओढून खाते, देठ चुरगळतो. हा देठ तिरका, साफ कापलेला होता. विळ्यानं. कुणीतरी माणूस येऊन नेमके आमचेच कोंब कापून नेत होतं. कशाला? कोवळा नेचा माणूस कापून नेतो तो कशाला नेणार?

त्या संध्याकाळचा ताईचा शेवटचा मेसेज आला. "आज आत्यांनी भाजी केलीय, पार बारीक चिरून. कसली ते काय केल्या सांगंनात, नुसतं खा म्हणाल्या. लई चव लागली बघ. तीच आसंल का गं?"

मी फोन लावला. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता..." तीच बाई. परत लावला. परत तीच. त्या बाईच्या आवाजात इतका थंडपणा हाय हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी तिची नक्कल करताना नेमकं तेच सोडून देत होते.

मनातल्या मनात सगळं जुळलं होतं. आत्याबाईंना सुनेच्या डोहाळ्यांची दया आली. सुनेनं कुठल्या कोंबांवर खुणा केल्यात ते त्यांनी बघितलं. अन् मायेनं, गुपचूप, तेच कापून तिला शिजवून घातले. माझ्याच खुणा बघून. मी चिंध्या बांधायला लावल्या नसत्या तर त्यांना कुठला कापायचा ते कळलंसुद्धा नसतं.

सकाळी पहिल्या एस.टी.नं निघाले. प्रॅक्टिकल होतं, गेलं. अकोल्याला गाडी बदलली. राजूरला उतरले तर दूध घालायला आलेला दाजींचा टेम्पो समोरच उभा.

"काय मेव्हणीबाई! कॉलेजनं हाकललं का?"

"दाजी, काल ताईनं काय खाल्लं?"

"भाकरी."

"अन् भाजी?"

दाजींनी डोकं खाजवलं. "हिरवी."

"हिरवी काय दाजी? कसली?"

"आता ते काय मला इचारून करत्यात व्हय? हिरवी हुती, मी पन खाल्ली. का? काय झालं?"

"काय न्हाई. बरी हाय ना ती?"

"मी निघालो तवा झोपली हुती."

झोपली होती. म्हणजे कशी झोपली होती? मी अजून काही विचारलं न्हाई. टेम्पोत रिकाम्या किटल्या एकमेकींवर आपटत होत्या, बाहेर धुकं, दर वळणावर दरडीला नेचेच नेचे. शेकड्यांनी. काही उघडलेले, काही गुंडाळलेले. इतके नेचे मी जन्मात एका जागी बघितले नव्हते, अन् एकाकडंही बघायची माझी छाती होत नव्हती.

ताई दारातच बसली होती. भुईमुगाच्या शेंगा खात. "आगं बाई! तू? परीक्षा बिरीक्षा न्हाई का तुला?"

मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. मी कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "ओ बाई, पुढं सरका, मागं जागा हाय." ती हसली. तिचे ओठ बघितले, डोळे बघितले, नखं बघितली. बॉटनीवाली तपासून तपासून काय तपासणार?

आत्याबाई आतून आल्या. मी नमस्कार केला अन् वाकलेली असतानाच विचारलं, "आत्याबाई, कालची भाजी कसली हो?"

"कुर्डूची. का गं? नाव सांगितलं की हिला उमळून येतंय, मेथीचं न्हाई चालत, शेपूचं न्हाई चालत. म्हनून न सांगता घातली."

कुर्डू. साधी, रोजची, सगळा तालुका खातो ती.

पण मग कोंब कापले कुणी?

दुपारी जरा उघडीप झाली तसं मी म्हणाले, ओढ्याकडं जाऊन येते. आत्याबाई लगेच उठल्या. "एकली नको जाऊ. मी येते." विळा घेतला त्यांनी. ताईला म्हणाल्या, तू बस. ओढ्यापाशी आल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं, कुणी न्हाईसं बघून माझा दंड धरला.

"पोरी, तुला म्हनून सांगते. हिच्या कानावर घालू नको, भ्येईल ती. कुनीतरी हितं चिंध्या बांधतंय. हिच्या वाटंवर. लाल. अन् कापड परकं न्हाई, हिच्याच साडीचं हाय. मी वळखलं ना. घरातून कुनी न्हेलं, कवा न्हेलं..." त्यांनी परत एकदा मागं बघितलं. "पोटुशी बाय रोज हितनं जाती. मी रोज तांबडं फुटायला येते, कापते, चिंधीसकट वाहत्या पान्यात सोडते. शेजारणीशी बोलनं सोडलं मी. तिच्या मनात आसंल आसं वाटत न्हाई, पर कुनाचं काय सांगावं?"

एरवी हे मी सहा महिने होस्टेलवर करून दाखवलं असतं. आवाज तर आयताच होता, दबका, मधे मधे तुटणारा. पण त्यांनी माझा दंड अजून सोडला नव्हता.

"आत्याबाई, त्या चिंध्या ताईनंच बांधल्या. मी सांगितलं म्हणून."

मी सगळं सांगितलं. आवणीची बाई, वाटी, फोटो, सर. वाटीचं सांगताना मी थांबले, पण मग तेही सांगितलं. ताईला जे सांगितलं नव्हतं ते आत्याबाईंना सांगितलं.

त्या दगडावर बसल्या. डोक्यावरचा पदर घसरला तो सावरला न्हाई. "म्हंजे कुनी केलं न्हाई काय?"

"न्हाई."

"अन् ते झाड? खायचं हाय का इखाचं?"

"न्हाई माहीत."

"त्याचंच शिकतीस ना?"

"उघडल्याबिगर न्हाई कळत, आत्याबाई."

"अन् मी उघडूच देईना." त्यांनी विळा खाली ठेवला. मग हात लांब करून पलीकडचा काठ दाखवला. "त्यो एक ऱ्हायलाय बघ. पानी लई हुतं, मला जाता आलं न्हाई."

ओढा तांबडा, फुगलेला. पलीकडं दोन दगडांच्या मधे लाल ठिपका. चिंधी. अन् तिच्यावर एक पान पूर्ण उघडून वाऱ्यात हलत होतं. मी मोबाईल काढला, होईल तेवढं जवळ ओढलं, श्वास धरला, फोटो काढला. परत काढला. पाऊस सुरू झाला तरी काढत राहिले. आत्याबाई माझ्या डोक्यावर त्यांचा पदर धरून उभ्या होत्या. "कळतंय का?" त्या विचारत होत्या. "आता कळतंय का?"

फोटोत हिरवं आलं होतं. हललेलं, फुटलेलं हिरवं. सर म्हणाले, स्पष्ट नाही. दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा पलीकडची कड त्या दगडांसकट वाहून गेली होती. तो नेचा कोण होता, त्या वाटीत काय होतं, मला आजपर्यंत माहीत न्हाई.

ताईला आम्ही दोघींनी काही सांगितलं न्हाई. चिंध्या बांधू नको, आत्याबाईंना आवडत न्हाई, एवढंच. ती रुसली, मग विसरली, मग तिला चिंचा आवडायला लागल्या. आत्याबाईंनी शेजारणीला घरी बोलावून चहा पाजला, कारण सांगितलं न्हाई. अन् मला मात्र आठवड्यातून एकदा टाकीपाशी चढून त्यांचा फोन यायला लागला. पोळा, दसरा, दिवाळी. "बरी हाय बघ ती. तू कशी हायेस?" एवढंच बोलायच्या. दोघींनाही माहीत होतं कशाबद्दल बोलतोय ते.

मार्गशीर्षात दाजींचा फोन आला. दवाखान्यातनं. माणसांचा गलका, कुणीतरी पेढ्यांचं बोलत होतं. "मेव्हणीबाई, मावशी झाला! पोरगी झाली. दोघी चांगल्या हायेत."

माझ्या तोंडून निघालं, "दाजी, बोटं मोजली का तिची?"

दाजींनी ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं अन् पलीकडं हशा पिकला. 'बारकी काय सुधारायची न्हाई,' कुणीतरी म्हणालं. मी मोबाईल कानाला घट्ट धरून उभी. हशा संपेना. मग त्याच्या मागून, जरा लांबून, आत्याबाईंचा आवाज आला. त्या हसत नव्हत्या.

"तिला म्हनावं, मोजली. आल्या आल्या मीच मोजली."